श्वानप्रदर्शनात कुत्रा घेऊन उतरणाऱ्यांचे वागणे कसे असावे?

काळी लॅब (धागाकर्ती)

नमस्कार. दिवाळी सरली, हवेत गारवा आला आणि श्वानप्रदर्शनांचा हंगाम सुरू झाला. आपल्याकडे बहुतेक शो थंडीच्या महिन्यांत होतात, कारण उन्हाळ्यात उघड्या मैदानावर एवढ्या कुत्र्यांना दिवसभर थांबवणे म्हणजे त्यांच्या जिवाशी खेळणे. गेल्या काही आठवड्यांत येथील तीन-चार सभासदांनी मला निरोप पाठवून एकच गोष्ट विचारली, की पहिल्यांदा रिंगमध्ये (म्हणजे दोरीने आखलेल्या परीक्षणाच्या जागेत) उतरताना वागावे कसे. नोंदणी, मायक्रोचिप, प्रवेशअर्ज यांची माहिती केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नियमांत आणि त्या त्या शोच्या पत्रकात मिळते. वागण्याविषयी मात्र पत्रकात एखाद-दोन ओळींपलीकडे काही नसते. ते जुन्या लोकांकडे पाहूनच शिकावे लागते, आणि ज्यांच्याकडे पाहून शिकायचे त्यांचे वागणेही प्रत्येक वेळी शिकण्याजोगे असतेच असे नाही.

माझ्या मते या शिष्टाचाराचे मूळ एकाच गोष्टीत आहे. आपण आपला कुत्रा दाखवत असतो त्याच वेळी त्याच रिंगमध्ये आणखी पाच-सहा जण आपापला कुत्रा दाखवत असतात. त्यांनीही शुल्क भरलेले असते, पहाटे उठून कुत्र्याला अंघोळ घातलेली असते, कोणी रात्रभर प्रवास करून आलेले असते. आपला कुत्रा उत्तम दिसावा म्हणून वाटेल तेवढी मेहनत घ्यावी. परंतु शेजारचा कुत्रा त्याच्या योग्यतेपेक्षा कमी दिसेल असे काही आपल्या हातून घडू नये. बाकीचे सगळे नियम मला यातूनच निघालेले दिसतात.

सर्वांत आधी रांगेतील अंतर. वर्ग, म्हणजे एकत्र परीक्षण होणाऱ्या कुत्र्यांचा गट, आत गेला की परीक्षक बहुधा सर्वांना मिळून एक फेरी मारायला सांगतात. कुत्रा आपल्या डाव्या हाताला आणि फेरी घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, म्हणजे कुत्रा आतल्या बाजूला, परीक्षकांच्या नजरेसमोर राहतो. येथे पुढच्या कुत्र्यापासून निदान एका कुत्र्याच्या लांबीएवढे, आणि आपला कुत्रा वेगाचा असेल तर त्याहून अधिक अंतर राखावे. नऊ वर्षांपूर्वी मी माझ्या पहिल्या लॅब्रेडोर कुत्रीला ज्युनिअर वर्गात उतरवले होते. मागच्या गृहस्थांचा कुत्रा लांब पावले टाकणारा होता आणि ते अंतर न राखता धावत होते. दुसऱ्या वळणावर त्या कुत्र्याचे नाक हिच्या शेपटीला लागले. हिने मान वळवून मागे पाहिले, दुडकी चाल मोडली, आणि उरलेली फेरी ती कान पाडून, अंग चोरून धावली. परीक्षकांनी पाहिली ती नेमकी तीच फेरी. बक्षीस गेल्याचे दुःख दोन दिवसांत ओसरले. मात्र पुढच्या दोन शोंमध्ये मागून कुत्रा आला की ती तशीच दबकू लागली, याचे दुःख कितीतरी अधिक होते. मागच्या माणसाच्या बेपर्वाईची किंमत पुढच्याचे जनावर असे कित्येक महिने मोजत राहते.

म्हणून रांगेत पहिले असाल तर निघण्यापूर्वी मागे वळून “तयार आहात ना?” असे विचारावे. मागच्याचा लीड (कुत्र्याच्या गळ्यातील दोरी) अजून गुंतलेला असेल, कुत्रा खाली बसलेला असेल, तर क्षणभर थांबल्याने काहीही बिघडत नाही. आपला कुत्रा फारच वेगाने चालतो हे माहीत असेल तर शेवटी उभे राहण्याची परवानगी स्टुअर्डकडे, म्हणजे रिंगचे कामकाज पाहणाऱ्या मदतनिसाकडे मागावी. सहसा ती मिळते.

कुत्रा उभा करतानाही हेच पाहावे. आपला कुत्रा पुढच्या अंगाला फूटभर सरकवून उभा केला की शेजारच्याचा अर्धा कुत्रा झाकला जातो. काही अनुभवी माणसे हे इतक्या सफाईने करतात की नवख्याला कळतही नाही. परीक्षकांना बहुधा कळते, पण प्रत्येक वेळी ते बोलत नाहीत. रांग जेथून सुरू झाली असेल त्या रेषेत उभे राहावे, आणि परीक्षक दुसऱ्याचा कुत्रा तपासत असतील तेव्हा आपले खेळणे वाजवू नये, खाऊ हवेत उडवू नये, मोठ्याने हाका मारू नयेत. तपासणीच्या वेळी परीक्षक दात आणि जबडा पाहतात, पाठीवरून व खांद्यांवरून हात फिरवतात, नराची दोन्ही वृषणे उतरली आहेत का हे पाहतात. परक्या माणसाच्या हाताखाली निश्चल उभे राहणे हे तरुण कुत्र्यासाठी मोठे काम असते. त्या अर्ध्या-पाऊण मिनिटात शेजारून खेळण्याचा आवाज आला तर त्याची कित्येक महिन्यांची शिकवण फुकट जाते.

खाऊविषयी थोडे अधिक लिहिते, कारण सर्वाधिक कुरबुरी त्यावरून होतात. उकडून सुकवलेली कोंबडीची कलेजी बहुतेकांच्या खिशात असते. तिचे बारीक तुकडे करून मुठीत धरले की ती चुरते, आणि चुरा गवतावर सांडतो. आपण पुढे निघून जातो, पाठीमागून येणारा कुत्रा तेथे नाक खाली घालतो आणि त्याची चाल तेथेच संपते. मी आता बोटाएवढा एकच चिवट तुकडा हातात ठेवते, कुत्र्याला तो चाटू देते आणि रिंगबाहेर आल्यावर खाऊ घालते. काही खाली पडलेच तर वाकून उचलते. दुसऱ्याच्या कुत्र्याला त्याच्या माणसाला न विचारता काहीही भरवू नये. त्याला एखादा पदार्थ सोसत नसेल, किंवा पाच मिनिटांत त्याची दातांची तपासणी व्हायची असेल.

आता परीक्षकांशी वागणे. त्यांनी विचारले तर कुत्र्याचे वय सांगावे, एवढेच. “हा अमुक चॅम्पियनचा मुलगा आहे”, “मागच्या आठवड्यात यानेच जातीत पहिला क्रमांक घेतला”, असे पुटपुटणारे लोक मी पाहिले आहेत. १९११ साली स्थापन झालेल्या एफसीआय या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनुसार परीक्षकाने परीक्षणापूर्वी किंवा परीक्षण चालू असताना शोचा कॅटलॉगसुद्धा पाहायचा नसतो, आणि जे त्या शोमध्ये त्याच्यासमोर कुत्रा दाखवणार आहेत त्यांच्यासोबत शोसाठी प्रवासही करायचा नसतो. समोर कोणाचा कुत्रा आहे हे त्याच्या निर्णयात येऊ नये यासाठी एवढी काळजी घेतलेली असताना आपण स्वतः जाऊन कुळी सांगणे हे त्या माणसाला संकटात टाकणे आहे. ज्या दिवशी ज्यांच्यासमोर उभे राहायचे आहे, त्यांच्याशी त्या दिवशी परीक्षण संपेपर्यंत नमस्कारापलीकडे बोलू नये. ओळख जुनी असेल तर विशेषच.

आणि निकाल. चौथा क्रमांक लागला तरी फीत हसतमुखाने घ्यावी, पहिल्या आलेल्याचे हात पुढे करून अभिनंदन करावे आणि सर्व क्रमांक जाहीर होईपर्यंत रिंग सोडू नये. फीत खिशात कोंबणे, लीडला हिसका देऊन कुत्र्याला ओढत बाहेर नेणे, हे मी या वर्षीही पाहिले. ज्या कुत्र्याने सांगितलेले सर्व केले, त्याला त्या हिसक्याचे कारण कळणार कसे? असे वागणाऱ्याला आयोजकांनी तेथल्या तेथे समज द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

पार्किंग, स्वच्छता, प्रेक्षक यांविषयी इतरांनी भर घालावी. चर्चेची वाट पाहते.

पहिला शो

ताई, अतिशय उपयुक्त धागा. माझा बीगल दहा महिन्यांचा आहे आणि जानेवारीत त्याला प्रथमच उतरवणार आहे. माझ्या तीन शंका आहेत. कुत्र्याने रिंगमध्येच घाण केली तर काय करावे? आमच्या वर्गाचा पुकारा झाला तेव्हा मी कुत्र्याला पाणी पाजायला गेलेलो असलो तर ते थांबतात का? आणि क्रमांक लागला नाही तर आपला कुत्रा कोठे कमी पडला हे परीक्षकांना विचारणे उद्धटपणाचे ठरते का?

काळी लॅब (धागाकर्ती)

पिल्लांकडून असे घडतेच, त्यात लाजण्यासारखे काही नाही. थांबावे, खिशातली पिशवी काढावी, स्वतः उचलावे आणि मगच पुढे चालावे. स्टुअर्ड किंवा झाडूवाल्या मावशी उचलतील म्हणून तसेच पुढे जाऊ नये. वर्गाच्या अर्धा तास आधी कुत्र्याला रिंगपासून दूर, मैदानाच्या कडेला मोकळे करून आणले तर ही वेळ बहुधा येत नाही.

पुकाऱ्यासाठी कोणी थांबेल असे गृहीत धरू नका. स्टुअर्डच्या हातात दिवसभराचे वेळापत्रक असते आणि एका माणसासाठी थांबले की उन्हात उभे असलेले बाकीचे सगळे खोळंबतात. आपल्या आधीच्या दोन जातींचे परीक्षण चालू झाले की रिंगजवळ येऊन उभे राहावे आणि आपला क्रमांक डाव्या दंडावर आधीच लावून ठेवावा. रिंगच्या तोंडाशी मात्र गर्दी करू नये. आत जाणाऱ्या-बाहेर येणाऱ्या कुत्र्यांची तोंडे तेथेच एकमेकांना भिडतात आणि बहुतेक चावाचावी तेथेच होते.

परीक्षकांना विचारायला हरकत नाही, पण त्या दिवसाचे त्यांचे काम संपल्यावर, आणि शिकण्याच्या इच्छेने. “माझ्या कुत्र्यात काय सुधारण्यासारखे आहे?” या प्रश्नाला अनेक परीक्षक मनापासून उत्तर देतात. “त्याचा कुत्रा माझ्यापेक्षा वर कसा?” हा प्रश्न विचारू नये. परीक्षकाचे मत अंतिम असते. वर्ग चुकीचा लावला, क्रमांकांची अदलाबदल झाली, अशी कामकाजातील चूक असेल तर ती शांतपणे, त्याच दिवशी, आयोजकांकडे लेखी द्यावी.

पशुवैद्य, कोल्हापूर

मी काही शोंमध्ये मैदानावरील वैद्यकीय कक्षात बसलो आहे, म्हणून त्या खुर्चीवरून जे दिसले ते मांडतो. शिष्टाचारातील पहिला भाग घरीच पार पडतो आणि तो म्हणजे आजारी कुत्रा न आणणे. केनेल कफची (कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची) लागण झाल्यापासून खोकला दिसू लागेपर्यंत काही दिवस जातात, आणि पार्व्हो या जीवघेण्या जुलाब-उलट्यांच्या रोगाचा विषाणू तर जुलाब सुरू होण्याच्या आधीपासूनच विष्ठेतून बाहेर पडू लागतो व जमिनीत कित्येक महिने टिकतो. गेल्या आठवड्यात घरातील दुसऱ्या पिल्लाला उलट्या झाल्या असतील, तर शोमधील कुत्रा धडधाकट दिसत असला तरी त्याला घरी ठेवावे. प्रवेशशुल्क बुडते हे खरे. पण त्या मंडपात लसीकरण अपुरे असलेले पिल्लू असू शकते, आणि ते कोणाचे आहे हे आपल्याला ठाऊक नसते. पार्व्होवर हात पुसायचे स्पिरिट किंवा सॅनिटायझर उपयोगी पडत नाही. जागा आधी धुऊन मग ब्लीचच्या पाण्याने पुसावी लागते. ग्रूमिंग टेबल (केस विंचरण्याचे टेबल) किंवा क्रेट (कुत्र्याचा पिंजरा) दुसऱ्याला वापरायला देताना हे ध्यानात असू द्यावे.

दुसरी बाब उन्हाची. कुत्र्याचे नेहमीचे तापमान सुमारे १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असते. ते १०५ च्या पुढे गेले की अवयवांना इजा होऊ लागते. थंडीच्या हंगामातही आपल्याकडे दुपारचे ऊन कडक असते, आणि बंद गाडीचा तर विचारच करू नये. बाहेर २४ अंश सेल्सिअस असतानाही बंद गाडीत अर्ध्या तासात पारा चाळिशी ओलांडतो. पग, बुलडॉग, बॉक्सर अशा बसक्या नाकाच्या जातींना त्याहून कमी वेळात त्रास होतो. दोन वर्षांपूर्वी एका शोमध्ये एक पग माझ्यापुढे आणला गेला तेव्हा त्याची जीभ जांभळी पडली होती आणि घशातून करवतीसारखा आवाज येत होता. साधे गार पाणी अंगावर ओतत आणि पुठ्ठ्याने वारा घालत आम्ही त्याला वाचवले. त्याला गाडीत ठेवून मालक जातीचा निकाल पाहायला थांबले होते. त्या दिवशी शेजारच्या गाडीवाल्याने धावत येऊन सांगितले म्हणून तो जगला. दुसऱ्याचा कुत्रा गाडीत धापा टाकताना दिसला तर “आपल्याला काय करायचे आहे” असे म्हणून पुढे जाऊ नका. ध्वनिक्षेपकावरून गाडीचा क्रमांक पुकारायला लावा.

माजावर आलेल्या कुत्रीविषयीही येथेच लिहितो. शोच्या नियमांत तिला मनाई नसली तरी तिला घेऊन दिवसभर नरांच्या क्रेटमधून फिरणे हे इतरांवर अन्याय करणारे आहे. स्टुअर्डला आधी सांगावे, तिला शेवटी नेण्याची विनंती करावी, आणि वर्ग संपला की मंडपाबाहेर न्यावे.

हँडलर १५ वर्षे

मी पोटापाण्यासाठी इतरांचे कुत्रे रिंगमध्ये दाखवतो. धाग्यातील बहुतेक सर्व मान्य आहे. मालकांच्या बाजूने एक गोष्ट मात्र कोणी लिहिली नाही, म्हणून लिहितो. कुत्रा हँडलरच्या हाती दिल्यावर मालकांनी रिंगच्या दोरीजवळ उभे राहू नये. कुत्र्याला आपल्या माणसाचा वास येतो, तो मान तिकडेच वळवतो, आणि नंतर बोल हँडलरला लागतो. मंडपाच्या मागे उभे राहावे. कुत्र्याला दिसणार नाही, पण आपल्याला दिसेल अशी जागा सापडतेच. पैशाचे बोलणेही आधी व्हावे. प्रत्येक शोचे किती, गटात (मिळत्याजुळत्या जातींच्या स्पर्धेत) किंवा बेस्ट इन शोपर्यंत (सर्व जातींतील अंतिम निवडीपर्यंत) गेल्यास किती, प्रवासाचा खर्च कोणाचा, आणि एकाच वेळी दोन रिंगमध्ये दोन कुत्र्यांचा पुकारा झाला तर कोणाचा आधी. हे शेवटचे न ठरवल्यामुळे जुनी मैत्री तुटलेली मी पाहिली आहे.

आमच्याकडूनही चुका होतात. आठ-दहा कुत्रे घेऊन आलेला हँडलर मंडपातील सावलीचा निम्मा भाग क्रेटांनी अडवतो, जनरेटर आणि केस वाळवण्याचे ब्लोअर दिवसभर दुसऱ्यांच्या कानाशी चालू ठेवतो, आणि एका कुत्र्याचा मालक आला होता म्हणून उशीर झाला असे स्टुअर्डला सांगतो. नवीन मुलांना मी हे सोडायला सांगतो.

एका मुद्द्यावर मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. बाहेरून हाक मारून कुत्र्याचे लक्ष वेधणे सरसकट वाईट म्हणता येत नाही. जर्मन शेफर्डच्या खास शोंमध्ये मालक रिंगभोवती धावत कुत्र्याला बोलावतात आणि तेथे ती रीतच आहे.

काळी लॅब (धागाकर्ती)

दादा, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि मी तो मूळ लेखात घ्यायला हवा होता. जर्मन शेफर्डच्या खास शोमध्ये सर्वच मालक तसे करतात, सर्वच कुत्र्यांना त्या गोंगाटाची सवय असते आणि कोणावरही अन्याय होत नाही. सर्व जातींच्या शोमध्ये मात्र शेजारच्या रिंगमध्ये एखादा शेल्टी किंवा व्हिपेट परीक्षकांच्या हाताखाली उभा असतो. दोरीपलीकडून कोणी टाळ्या वाजवत, शिट्टी घालत पळत गेले की त्याची घाबरगुंडी उडते. म्हणून सर्व जातींच्या शोमध्ये ते करू नये या मतावर मी ठाम आहे.

मालकांनी दोरीपासून दूर उभे राहण्याबद्दल तुम्ही लिहिलेत ते शंभर टक्के खरे आहे.

बर्मिंगहॅमकर

मी गेली काही वर्षे इंग्लंडमध्ये राहतो आणि दर मार्चमध्ये क्रफ्ट्स पाहायला जातो. चार्ल्स क्रफ्ट यांनी १८९१ मध्ये सुरू केलेला हा शो १९९१ पासून आमच्या शहराजवळच्या एनईसी या प्रदर्शन केंद्रात भरतो आणि चार दिवस चालतो. तेथे प्रत्येक कुत्र्याला लाकडी फळ्यांचा एक कप्पा नेमून दिलेला असतो. रिंगमधील काम झाले तरी कुत्रा बराच वेळ त्या कप्प्यात असतो, आणि तिकीट काढून आलेले लोक रांगेने तेथून फिरतात. त्यामुळे कुत्रा घेऊन येणाऱ्याच्या वागण्याचा मोठा भाग रिंगबाहेरच दिसतो. चांगली माणसे कप्प्यापाशी बसून असतात, आलेल्या मुलांना “आधी मला विचार, मग त्याला मुठीचा वास घेऊ दे, मग छातीवर हात लाव” असे सांगतात आणि त्याच त्या प्रश्नांना दिवसभर न कंटाळता उत्तरे देतात. एका आजींनी त्यांच्या आयरिश वुल्फहाउंडबद्दल मला वीस मिनिटे माहिती दिली आणि अखेरीस विचारले, “तुमच्या घरात याला वळता येईल एवढी जागा आहे का?” मी नाही म्हणालो. “मग घेऊ नका,” असे त्या म्हणाल्या. शोला येणाऱ्या सामान्य माणसाला खरी माहिती देणे, आणि मैदानावर पिल्लांचा सौदा न करणे, हे मी आपल्याकडच्या शोमध्येही पाहू इच्छितो.

मळ्यातला

मी सोलापूर जिल्ह्यातला. आमच्याकडे तीन पिढ्यांपासून कारवानी कुत्री आहेत. पूर्वी सशामागे सोडत, आता ती मळ्याची राखण करतात. केनेल क्लब यांना कॅराव्हान हाउंड म्हणतो. कर्नाटकातील मुधोळ संस्थानचे राजे मालोजीराव घोरपडे यांच्यामुळे मुधोळ हाउंड हे नाव पडले, आणि २००५ साली टपाल खात्याने त्याच नावाने तिकीट काढले. गेल्या वर्षी मित्रांच्या आग्रहावरून मी एका शोमध्ये माझी कुत्री नेली होती.

तेथे मला काय अनुभव आला ते सांगतो. मी पायजमा-सदऱ्यात होतो आणि लीड म्हणून सुती दोरी होती. रांगेत पुढे उभ्या असलेल्या दोघांनी माझ्याकडे पाहून आपसात काही म्हटले आणि हसले. ते मी सोडून दिले. पण पाठीमागच्या बाईंनी न विचारता कुत्रीच्या पाठीवर थाप मारली, आणखी एकाने तिच्या अगदी डोळ्यांपुढे मोबाइल धरला. आमची कुत्री परक्याचा हात सहन करत नाही, ही जातच तशी आहे. ती बिथरली, मागे सरकली, आणि परीक्षकांपर्यंत पोचेपर्यंत थरथरत होती. दात दाखवायला तयार झाली नाही. परीक्षकांनी समजून घेतले, दोनदा संधी दिली, पण अखेर आम्ही बाहेर आलो. स्टुअर्ड असलेल्या एका मुलाने मात्र बाहेर येऊन पाण्याची बाटली दिली आणि कुत्री अत्यंत सुरेख चालते असे सांगितले. तेवढ्या एका माणसामुळे मी पुन्हा जायचा विचार करतो आहे.

काळी लॅब (धागाकर्ती)

दादा, हे वाचून फार वाईट वाटले. ज्या कुत्र्यांना आपल्या मातीतली म्हणून आपण मिरवतो, त्यांना सांभाळणाऱ्या माणसालाच शोमध्ये परके वाटावे, याची लाज तुम्हाला नव्हे, आम्हा जुन्या मंडळींना वाटायला हवी. कपड्यांविषयी एवढेच, की ते स्वच्छ असावेत, धावता यावे, आणि कुत्र्याचा रंग उठून दिसेल असा कपड्यांचा रंग असावा. पायजमा-सदरा या तिन्ही कसोट्यांना उतरतो. दोरीऐवजी पातळ, मऊ शो लीड घ्या, कारण सुती दोरी मानेवर घट्ट बसली की कुत्रा मान आखडतो. पण त्यावरून कोणी हसावे असे काही नाही.

कारवानी किंवा राजापलयम (तमिळनाडूची देशी जात) रांगेत असेल तर इतरांनी नेहमीपेक्षा दुप्पट अंतर सोडावे, तिच्याकडे टक लावून पाहू नये, मागून हात लावू नये. परीक्षकही समोरून, कुत्र्याला दिसतील असे, सावकाश येतात. आपण तेवढे तरी करू शकतो.

मळ्यातला

ताई, आभारी आहे. फेब्रुवारीतल्या शोसाठी अर्ज भरला आहे. मला एवढेच सांगा, की परक्याने तोंडाला हात लावला तर तिने उभे राहावे, यासाठी दोन-अडीच महिन्यांत काय करता येईल? गावात परकी माणसे येतात कमी.

काळी लॅब (धागाकर्ती)

अडीच महिने पुरेसे आहेत. पहिला आठवडा फक्त तुम्हीच, रोज दोन वेळा, दोन-दोन मिनिटे. तिला उभी करा, डावा हात हनुवटीखाली ठेवा, उजव्या हाताच्या अंगठ्याने वरचा ओठ क्षणभर उचला, समोरचे दात दिसले की लगेच सोडा आणि खाऊ द्या. जबडा उघडायचा प्रयत्न करू नका. पुढच्या दातांची ठेवण बंद तोंडानेच पाहतात. दुसऱ्या आठवड्यात घरातली वेगवेगळी माणसे, म्हणजे वहिनी, मुले, गडी, यांनी तेच करावे. तिसऱ्यापासून परके. दूध घालायला येणारे, एसटीच्या थांब्यावरचे, किराणा दुकानातले. प्रत्येकाला सांगा की समोरून या, आधी हात खाली धरून तिला वास घेऊ द्या, मग मानेच्या बाजूने हात वर न्या. ती मागे सरली तर त्या दिवशी तेथेच थांबा आणि दुसऱ्या दिवशी एक पायरी मागे जाऊन सुरू करा. ओढून धरून दात दाखवायला लावू नका, सगळी मेहनत एका दिवसात वाया जाईल.

शेवटचे तीन आठवडे तालुक्याच्या आठवडी बाजाराच्या कडेला, गर्दीपासून दहा-पंधरा पावलांवर तिला उभी करा. शोच्या दिवशी सकाळी लवकर या, म्हणजे मंडप, ध्वनिक्षेपक, ब्लोअर हे सगळे तिला रिकाम्या मैदानात आधी पाहता-ऐकता येईल. मीही त्या शोला असणार आहे. आमच्या वर्गाची वेळ वेगळी आहे, तेव्हा तुमच्या वर्गाआधी रिंगच्या तोंडाशी मी उभी राहते, म्हणजे तिच्याजवळ कोणी गर्दी करणार नाही. हिरवी टोपी घालून येते, ओळखाल.

पहिला शो

मीही त्याच शोला येतो आहे, ताई. बीगलचा वर्ग सकाळीच असेल. नंतर मी रिंगच्या दुसऱ्या बाजूला उभा राहतो.